वेगळं ताट

महावीर जयंतीच्या आधी पंधरा दिवस आमच्या महिला मंडळाची बैठक होते आणि तिच्यात दरवर्षी न चुकता केळ्यांचा विषय निघतो. किती डझन घ्यायची, मोझमजाही मार्केटमधून घ्यायची की ओळखीच्या गाडीवाल्याकडून, पिकलेली घ्यायची की जरा कच्ची. सरकारी दवाखान्यात प्रत्येकी दोन केळी, अनाथाश्रमात दोन, आणि तुरुंगात दोन केळी व एक बुंदीचा लाडू. तुरुंगातल्यांना लाडू जास्तीचा का, हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. बहुतेक पहिल्या वर्षी लाडू उरले असतील.

थट्टा करतेय, पण त्या केळ्यांत माझाही हात आहे. आम्ही जायचो, पटांगणात ओळीनं बसलेल्या बायकांच्या हातावर फळं ठेवायचो, सगळ्या मिळून णमोकार मंत्र म्हणायचो, आणि बाहेर येऊन गाडीत बसलं की सगळ्या एकदम बोलायला लागायच्या. 'ती निळ्या साडीतली किती लहान होती गं!' 'आणि त्या म्हातारीनं काय केलं असेल?' घरी येईपर्यंत हे चालायचं. मग आंघोळ आणि स्वयंपाक.

माझी एक भाची छातीच्या रोगांची डॉक्टर आहे. हैदराबादेत छातीचा डॉक्टर म्हटलं की एर्रगड्डा आठवतंच. तिथलं सरकारी छातीचं रुग्णालय जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'छाती का दवाखाना' आहे. त्याच भागात मनोरुग्णालयही आहे. 'एर्रगड्ड्याला पाठवीन' ही अस्सल हैदराबादी धमकी वेड्यांच्या दवाखान्याची. छातीच्या दवाखान्यावरून मात्र कुणी थट्टा करत नाही. त्याचं नाव आवाज खाली आणून घेतात.

तर ही भाची एकदा दिवाळीला आली असताना म्हणाली, "मावशी, तुम्ही केळी वाटून येता. आतल्या किती बायका खोकत असतात, कधी कान देऊन ऐकलंत?"

"आम्ही काय खोकला ऐकायला जातो का?" मी म्हणाले.

"मग एकदा त्यासाठीच चला. आम्हाला मराठी बोलणारं माणूस हवंय."

इथल्या तुरुंगांत नांदेड, परभणी, लातूर, सोलापूरकडच्याही बाया असतात. बांधकामावर, वीटभट्टीवर, घरकामाला आलेल्या. तपासणीचे प्रश्न तेलुगूत, नाहीतर हिंदीत विचारले जातात. "दग्गु उंदा?" म्हणजे खोकला आहे का, हे त्यांना कळतं न कळतं, आणि कळलं तरी उत्तर मान हलवून येतं. भाचीला वाटत होतं, भाषेमुळे काही रुग्ण सुटून जातात. गेले तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

जाण्याआधी तिनं मला थोडं शिकवून घेतलं. क्षयाचे जंतू हवेतून जातात. ताटातून, कपड्यांतून, हात लावल्यानं नाही. बंद खोली, दाटीवाटीनं झोपलेली माणसं आणि त्यातलं एक खोकणारं, एवढं पुरतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातले तुरुंग १३१ टक्के भरलेले होते. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. आणि चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे ज्यांचा खटलाच अजून संपलेला नाही असे. २०१९ साली जगभरातल्या तुरुंगांत सुमारे सव्वा लाख माणसांना क्षय झाला, बाहेरच्यापेक्षा जवळजवळ दहापट प्रमाणात, आणि त्यातले जेमतेम निम्मे शोधले गेले, असा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या सार्वजनिक आरोग्याच्या अंकात आला होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की तुरुंगात माणूस खोकत येईल म्हणून वाट पाहू नका, आपणहून सगळ्यांना तपासा. आपल्याकडेही डिसेंबर २०२४ मध्ये जी शंभर दिवसांची मोहीम निघाली, तिच्यात कैद्यांचा वेगळा विचार होता.

"आणि मावशी, तुम्हाला तुरुंगाशी काय करायचंय असं कुणी विचारलं तर सांगा," ती म्हणाली, "तो खोकला आत राहत नाही. शिपाई संध्याकाळी घरी जातो, मुलाखतीला आलेलं लेकरू घरी जातं, जामीन झालेली बाई घरी जाते."

हे मला लगेच पटलं, कारण चंचलगुड्याला तुरुंग खात्याचा पेट्रोल पंप आहे. तिथं कैदी आणि सुटून आलेली माणसं काम करतात. माप चोख मिळतं म्हणून आमच्याकडची गाडी मुद्दाम तिथं नेतात. तुरुंगाची भिंत आपण समजतो तेवढी जाड नसते.

आम्ही ज्या तुरुंगात गेलो त्याचं नाव मी लिहिणार नाही. तिथं काही वावगं दिसलं म्हणून नव्हे, एका बाईसाठी. एवढंच सांगते की व्हरांड्यात टेबलं मांडली होती, एक वजनकाटा होता, आणि एक एक्स-रेचं यंत्र होतं ते आमच्या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा थोडं मोठं, हातात धरायचं. मला वाटलं होतं एक्स-रे म्हणजे अंधारी खोली आणि लोखंडी पलंग. इथं बाई समोर उभी राहिली, श्वास रोखला आणि झालं.

हा एक्स-रे सगळ्यांचाच का काढतात, ते मी विचारलं. देशात २०१९ ते २०२१ मध्ये जे मोठं सर्वेक्षण झालं, त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२ टक्क्यांहून जास्त रुग्ण नुसत्या एक्स-रेमुळे सापडले होते. खोकला, ताप, रात्री येणारा घाम, घटलेलं वजन, या चार प्रश्नांना ते 'नाही'च म्हणाले होते. काहींना खरंच काही होत नसेल. काहींनी सांगितलं नसेल.

माझ्यासमोर आलेली मराठी बाई पस्तिशीची असेल. परभणीकडची. माझं माहेर जिंतूरचं, त्यामुळे तिचं पहिलं वाक्य ऐकूनच मला गाव कळलं. कमरेवर चारेक वर्षांची मुलगी. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली ज्या खटल्यात हे नियम घालून दिले, तो आपल्याच तेव्हाच्या आंध्र प्रदेशाविरुद्धचा होता, आर. डी. उपाध्याय यांचा. त्यात असंही आहे की अशा मुलाला कैदी समजायचं नाही. ती मुलगी मात्र टेबलावरच्या वहीकडे टक लावून बघत होती आणि नाव विचारल्यावर आईच्या आधी उभी राहिली.

"खोकला येतो का गं?"

"नाई जी."

"ताप? रात्री घामानं अंथरूण ओलं होतं?"

"नाई नाई. मला काय बी होत नाई."

"जेवण जातं?"

"जातं की. लई जातं."

काटा अडतीस किलो दाखवत होता. मागे उभी असलेली म्हातारी हिंदीत म्हणाली, "रातभर खांसती जी ये. मुंह में पदर भर के खांसती." तिनं वळून म्हातारीकडे असं बघितलं की म्हातारी गप्प बसली.

म्हणजे भाषेचा प्रश्न नव्हताच. माझं मराठी तिला लख्ख कळत होतं.

एक्स-रेत उजवीकडे वर डाग दिसला. मग बेडक्याची तपासणी. ती गोव्यात बनणाऱ्या ट्रूनॅट नावाच्या छोट्या यंत्रावर करतात. पण त्यासाठी छातीतून आलेला बेडका लागतो, तोंडातली थुंकी चालत नाही. ती डबीत नुसती थुंकत होती. शेवटी मी तिला बाजूला मोकळ्यावर नेलं आणि स्वतःच खोल श्वास घेऊन खाकरून दाखवलं. पंचाहत्तराव्या वर्षी! आम्हा जैनांच्या घरात थुंकण्याचं कोण सोवळं! मुनिमहाराजांच्या पाच समितींतली शेवटची उत्सर्ग समिती सगळी याचीच आहे, शरीरातून निघालेलं मळ-कफ कुठं टाकायचं, जागा निर्जंतू आहे का ते आधी बघायचं. लहानपणी मला ही समिती फार किरकोळ वाटायची. बाकीच्या चारींपुढे हिचं काय एवढं! त्या व्हरांड्यात ती मला एकदम मोठी वाटली.

तिथंच, डबी हातात धरून, तिनं मला विचारलं, "माय, हे निघालं तर पोरीला नेतील का?"

आता मला आत्याबद्दल सांगावं लागेल.

आत्याला क्षय झाला १९५७ साली. मी सात वर्षांची होते. ती सासरी खोकायला लागली, तशी तिच्या सासरच्यांनी तिला जिंतूरला आणून सोडली. दोन वर्षांचा मुलगा त्यांनी ठेवून घेतला. मराठवाडा तेव्हा नुकताच निजामाच्या जुन्या राज्यातून मुंबई राज्यात गेला होता, पण आमच्या घरचे सगळे धागे हैदराबादेशीच होते. त्यामुळे आजोबांनी तिला परभणीहून रेल्वेनं विकाराबादेला नेलं, तिथल्या अनंतगिरीच्या टेकडीवर क्षयाचं सॅनिटोरियम होतं. झाडी, उंचावरची हवा, दूध, विश्रांती आणि सुया. गावात सांगितलं, आत्या सम्मेद शिखरजीच्या यात्रेला गेलीय. दीड वर्षाची यात्रा! मंदिरात बायका आजीला विचारायच्या आणि आजी, जी उभ्या आयुष्यात खोटं बोलली नसेल, ती पारसनाथाच्या डोंगराचं वर्णन करायची. ती स्वतः कधी गेलेली नव्हती.

आत्या बरी होऊन आली. ठणठणीत. गालावर रंग आला होता. घरी आल्या दिवशी तिच्यासमोर नवं पितळी ताट ठेवलं. त्याच्या काठावर कासाराकडून तिचं नाव कोरून आणलं होतं. मला वाटलं, कौतुकानं आणलंय. दोनचार दिवसांत कळलं की ते ताट इतरांच्या ताटांत मिसळू नये म्हणून नाव. ते वेगळं घासायचं, वेगळ्या कोनाड्यात ठेवायचं. ती १९९१ साली गेली, तोवर, म्हणजे तेहतीस वर्षं, ती त्याच ताटात जेवली. सासरच्यांनी परत नेलं नाही. मुलगा लग्नाच्या वयाचा झाल्यावर दोनदा भेटून गेला. घरात त्याला पाणी दिलं ते आईच्या हातून नको, असं आजीनं आधीच बजावून ठेवलं होतं.

ज्या वर्षी आत्या अनंतगिरीला होती, त्याच वर्षी मद्रासमध्ये एक अभ्यास चालू होता. १९५६ साली सुरू झालेला. जवळजवळ दोनशे गरीब रुग्ण घेतले, निम्मे सॅनिटोरियममध्ये ठेवले, निम्म्यांना त्यांच्याच दाटीच्या घरात राहू देऊन औषधं दिली. १९५९ साली निष्कर्ष आले: घरी राहिलेले जवळजवळ तेवढेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्तीचा क्षय झाला नाही. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत पसरणं थांबतं. हे साऱ्या जगानं मद्रासकडून शिकून घेतलं. जिंतूरला मात्र ते पोचलं नाही. नाही, खरं सांगायचं तर पोचलं असतं तरी ताट वेगळंच राहिलं असतं.

तर ती बाई डबी हातात धरून विचारत होती, पोरीला नेतील का. भाची लांब, दुसऱ्या टेबलाशी. मी तिला विचारून येऊन उत्तर द्यायला हवं होतं. दुभाष्याचं काम तेवढंच. पण मी म्हणाले, "नाही गं. कुणी नेणार नाही. तू खाकर."

तिनं विश्वास ठेवला. खाकरली. बेडका निघाला.

दुपारी निकाल आला, आणि क्षय होता.

संध्याकाळी गाडीत मी भाचीला सांगितलं, मी असं असं बोलले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, पहिले काही दिवस मुलीला वेगळं झोपवावं लागेल. बराकीत तर ठेवताच येणार नाही त्या बाईला." मुलगी पाचाच्या आतली, अशा वयात आईच्या श्वासातून आलेला क्षय मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे आई जिच्यासाठी खोकला लपवत होती, त्या खोकल्याचा सगळ्यांत मोठा धोका तिलाच होता.

आठवड्यानं मी पुन्हा गेले. बाई एका हवेशीर खोलीत होती, तोंडाला मास्क. मुलगी त्याच खोकणं सांगणाऱ्या म्हातारीजवळ, अंगणापलीकडे. दोघींना एकमेकी दिसायच्या. मुलीच्या तपासण्या स्वच्छ आल्या होत्या, तिला क्षय होऊ नये म्हणून औषध सुरू केलं होतं. माझ्याकडे बघून बाई म्हणाली, "तुमी तर म्हनल्या होत्या नेनार नाई."

मी काय बोलणार? मी म्हणाले, "दोन आठवडेच."

"हेबी तसंच का?"

नशीब, ते तसंच नव्हतं. पंधराव्या दिवशी मुलगी आईकडे गेली. पण त्या पंधरा दिवसांत मी रोज तारखा मोजल्या. मग तिनं हळूच, तिथली परिचारिका जवळ नाही असं बघून, दुसरी गोष्ट विचारली. लघवी लाल होते, रक्त जातंय का? ते औषधाच्या गोळीनं होतं, भीती नाही, हे मी या वेळी परिचारिकेला विचारून, खात्री करून सांगितलं.

यंदा दशलक्षणात 'उत्तम सत्य'च्या दिवशी पंडितजींचं प्रवचन फार छान झालं म्हणतात. मी खाली मान घालून सतरंजीवरचे धागे मोजत होते. आपल्या श्रावकाचारात सत्य अणुव्रताची व्याख्या नुसती 'खोटं बोलू नये' एवढी नाही, ज्या खऱ्यानं दुसऱ्यावर संकट येईल तेही बोलू नये असा भाग तिच्यात आहे. त्याचा आधार घ्यायचा मोह मला झाला. पण मी तेव्हा त्यातलं काही आठवून बोलले नव्हते. मला आत्या दिसली आणि तोंडातून शब्द निघून गेले. बेडका मिळाला म्हणून ती बरी झाली, हे खरं. तो खोटं बोलल्याशिवाय मिळालाच नसता का, हे मला आजही सांगता येत नाही.

मधल्या काळात मंडळात वेगळंच रामायण झालं. मी बैठकीत म्हटलं की यंदा केळ्यांचे पैसे निक्षय मित्र म्हणून क्षयाच्या रुग्णांना सहा महिने शिधा देण्यात घालू या. २०२२ पासून सरकारची ही योजना आहे, कुणीही व्यक्ती किंवा संस्था रुग्णांना पोषणाची टोपली देऊ शकते. सगळ्यांना पटलं. चार दानांत आहार आणि औषध, दोन्ही एकदम! पण मग यादी वाचली गेली. धान्य, डाळी, तेल, दुधाची पावडर किंवा शेंगदाणे, इथपर्यंत माना हलत होत्या. खाली होतं, जिथं चालत असेल तिथं महिन्याला तीस अंडी.

बैठक तिथंच थांबली. एक वयस्क काकी म्हणाल्या, "आणि ते औषधानं जंतू मरतात, त्याचं पाप कुणाला लागतं गं?" हसू नका, प्रश्न खोटा नव्हता. आमच्यातल्या एकीनं, शिक्षिका होती ती, संकल्पी आणि विरोधी हिंसेचा फरक सांगून काकींचं समाधान केलं. अंड्याचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. 'अंडी नसलेला शिधा म्हणजे अर्धवट औषध' असं एका सुनेनं म्हटलं आणि तिची सासू तिच्याकडे बघतच राहिली.

मला भाचीनं झारखंडचा अभ्यास सांगितला होता, तो मी सांगितला. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी तो २,८०० रुग्णांच्या घरी केला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना दरमहा तांदूळ, दुधाची पावडर, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ आणि तेल दिलं. आणि निम्म्या भागात घरच्या माणसांनाही तांदूळ-डाळ दिली. ज्या घरी सगळ्यांना मिळालं तिथं घरच्यांना क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. त्या टोपलीत अंडं नव्हतं. मंडळ सुटकेचा श्वास टाकून मोकळं झालं. पण मी हेही म्हणाले की रुग्णानं अंडं खाऊ नये असं सांगायला आपण कुणी जायचं नाही. नोव्हेंबर २०२४ पासून सरकार रुग्णाच्या खात्यात महिन्याला हजार रुपये टाकतं, त्यात त्यानं काय आणावं हा त्याचा प्रश्न. यावर दोघी उठून गेल्या. दुसऱ्या बैठकीला आल्या म्हणा.

खरं भांडण झालं ते फोटोवरून. शिधा देताना मंडळाचा फलक, रुग्ण आणि अध्यक्षबाई असा एक फोटो पाहिजे, देणगीदारांना दाखवायला. बरं, त्यांचंही चुकत नव्हतं. फोटो बघून पुढच्या वर्षी देणग्या येतात. पंचकल्याणकात बोली लावून नाव पुकारलं जातं तेव्हा आपल्याला आवडतंच की. मी म्हणाले, या बाईचं नाव तुम्हाला सांगणार नाही, पत्ता सांगणार नाही, ती कुठं होती तेही सांगणार नाही. "मग आम्ही दिलं हे कळणार कसं?" अध्यक्षबाईंनी विचारलं. मी आत्याच्या ताटाची गोष्ट सांगितली. साठ-पासष्ट वर्षांत आमच्या घराबाहेर पहिल्यांदा. बोलता बोलता लक्षात आलं की समोर बसलेल्यांपैकी तिघी-चौघी माझ्याकडे नाही, खाली बघताहेत. घरी जाताना त्यांतली एक जिन्यात थांबून म्हणाली, "आमच्याकडे मोठ्या दिरांचं होतं. वेगळा तांब्या."

शेवटी गुप्तदान म्हणून ठरलं. पावतीवर तेवढंच लिहिलं.

बाईला श्रावणात जामीन मिळाला. मला आनंद झाला, भाची मात्र काळजीत पडली. कच्च्या कैद्याचं हेच असतं: तपासणी होते, औषध लागू पडायला लागतं आणि एका संध्याकाळी दार उघडतं. बाहेर पडलेली बाई आधी पोरगी सांभाळणार, मजुरी शोधणार, की गोळ्या आणायला जाणार? सोबत काही दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, रुग्णाचा क्रमांकही बाहेरच्या दवाखान्याकडे गेला होता. पण कागदावर पत्ता होता जुन्या बांधकामावरच्या झोपड्यांचा, आणि तिथं आता दहा मजली इमारत उभी. आठ दिवस ती कुणालाच सापडली नाही. मला ते आठ दिवस फार जड गेले. सापडली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, भावाच्या खोलीवर. गोळ्या मात्र एकही चुकली नव्हती, पुडीत शेवटच्या दोन उरल्या होत्या. क्षयाचं काम बघणाऱ्या तरुण पोराला तिचं बोलणं नीट कळेना, म्हणून त्यानं मला फोन लावून दिला.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आमचं बोलणं होतं. ती औषधाला दवाखान्यात जाते तेव्हा तो पोरगा फोन लावतो. शिध्याची पिशवी तिथंच ठेवलेली असते. ती गोळ्यांबरोबर घेऊन जाते, शेजारणींना वाटतं रेशनचं असेल. पिशवी कुणाची हे तिला ठाऊक नाही. मला ती 'फोनवाली माय' म्हणते.

कार्तिकात तिनं विचारलं, "माय, एक इचारू? भावजय म्हंती पोरीला तुज्या ताटात घेऊ नको. घेऊ का नको?"

मी म्हणाले, "घे. ताटातून जात नाही, हवेतून जातं. आणि तुझ्याकडून आता तेही जात नाही, डॉक्टरांनी तपासलंय." तो तरुण बाजूला उभा होता, त्याच्याकडूनही मी ते पुन्हा वदवून घेतलं. एकदा फसलेय मी.

"मंग भावजयीला तुमीच सांगा," ती म्हणाली. भावजय फोनवर आली. तिला सांगायला मला वीस मिनिटं लागली, आणि पटलं का नाही ते कळलं नाही. पुन्हा फोन बाईच्या हातात गेला.

"अजून एक हाय," ती म्हणाली. "त्या पिशवीतले शेंगदाणे खवट निगाले. ज्यानं दिले त्याला सांगा, देतोस तर नीट दे."

मी म्हणाले, सांगते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बेगमबाजारात गेले. तीन दुकानांतले दाणे चावून बघितले, चौथ्यात घेतले.